पौंडाची पेन्शन, साताऱ्यातला संसार

लंडनच्या हाउन्स्लोमधलं भाड्याचं घर सोडून आम्ही दोघं 2019 च्या हिवाळ्यात साताऱ्याला राहायला आलो. तेव्हापासून तिकडून फोन येतात. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटणारे लोक, जुने शिफ्टवाले, कुणाची तरी मेहुणी. प्रश्न एकच असतो: "तिथल्या पेन्शनवर इथे भागतं का हो?"

भागतं. पहिल्या वर्षी तर थाटात भागतं, आणि फसगत तिथेच होते. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून जे ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने लिहून काढतोय. हे माझ्यासारख्यांसाठी आहे. ब्रिटनमध्ये साधी नोकरी केली, मोठी खाजगी पेन्शन नाही, मुख्य आधार सरकारी स्टेट पेन्शनचा, असे लोक. ज्यांचं लंडनमध्ये दोन बेडरूमचं घर विकून झालंय, त्यांचं काय ते त्यांचा अकाउंटंट बघेल.

आधी कडू घोट

ब्रिटनची स्टेट पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते. पगारवाढ, महागाई किंवा अडीच टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढी. 2023 मध्ये ती 10.1 टक्क्यांनी वाढली, 2024 मध्ये 8.5 ने, 2025 मध्ये 4.1 ने. तुम्ही भारतात राहायला आलात की ही वाढ बंद. ज्या दराने तुम्ही निघालात, किंवा भारतात असताना ज्या दराने पेन्शन सुरू झाली, तोच दर पुढे चालू राहतो. याला तिकडे 'फ्रोझन पेन्शन' म्हणतात. आमच्या घरात तिला थिजलेलं तूप म्हणतात.

स्पेन, पोर्तुगाल, सायप्रस, अमेरिका, फिलिपिन्स, मॉरिशस या देशांत राहणाऱ्यांना वाढ मिळते. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका इथे राहणाऱ्यांना मिळत नाही. यात न्याय शोधू नका. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन आणि त्यांच्यासोबतचे पेन्शनर हे प्रकरण थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयात घेऊन गेले आणि 2010 मध्ये हरले. 2025 मध्ये भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या जोडीने सामाजिक सुरक्षेचा जो करार ठरला, त्यानेही हे बदलत नाही. तो तात्पुरत्या बदलीवर पाठवलेल्या नोकरदारांच्या वर्गणीबद्दल आहे.

माझाच हिशोब मांडतो. पूर्ण पेन्शनसाठी लागणाऱ्या 35 पैकी माझी 29 वर्षांची वर्गणी भरली होती. 2019 मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला 168.60 पौंड होती, त्यातला माझा वाटा 139.70. आजही तेवढाच येतो. मी हाउन्स्लोतच राहिलो असतो तर 2025-26 च्या 230.25 च्या दराने मला आठवड्याला 190 पौंड मिळाले असते. महिन्याला दोनशेहून जास्त पौंड मी वेशीवर ठेवून आलो, आणि ही दरी दर एप्रिलला रुंदावते.

यावर लोक म्हणतात, पौंड तर वाढतोय ना! खरं आहे. 2019 मध्ये पौंड नव्वदच्या आसपास होता, तेव्हा महिन्याचे साधारण 54 हजार हातात यायचे. पौंड 115 धरला तर तेच 69 हजार होतात. रुपया घसरला म्हणून मी तरलो. पण 2016 चा जून आठवा. ब्रेक्झिटच्या सार्वमताआधी शंभराच्या आसपास असलेला पौंड काही महिन्यांत ऐंशीच्या घरात आला होता. माणूस सत्तरीत असताना असं झालं तर काटकसर करता येते. पंच्याऐंशीत, घरात रात्रंदिवस बाई ठेवावी लागत असताना झालं, तर कशात काटकसर करणार?

म्हणून खर्चाचा कागद पंच्याऐंशीव्या वर्षाचा मांडा. आजच्या पेन्शनमधला निम्म्याच्या आसपास भाग घरखर्चाला पुरला पाहिजे आणि उरलेला दर महिन्याला मुदत ठेवीत गेला पाहिजे. हे जमत नसेल तर बेत पुढे ढकला. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. दोन लग्नांत भरघोस आहेर, पुतण्याला दुचाकीसाठी पैसे, घरात नवा सोफा. "लंडनवाले काका" ही पदवी महाग पडते.

निघण्याआधी दोन वर्षं: एनआयची वर्षं मोजा

सरकारी वेबसाइटवर स्टेट पेन्शनचा अंदाज आणि नॅशनल इन्शुरन्सची (एनआय, म्हणजे नोकरीत पगारातून कापली जाणारी वर्गणी) नोंद दोन्ही दिसतात. सगळ्यात आधी ते बघा, नवऱ्याचं आणि बायकोचं वेगवेगळं. नव्या पेन्शनसाठी किमान 10 वर्षं लागतात आणि पूर्ण रकमेसाठी साधारण 35. नऊ वर्षं भरली असतील तर नऊ पस्तीसांश मिळत नाही, शून्य मिळतं.

माझ्या बायकोची बरोबर नऊ होती. ती आधी शाळेच्या किचनमध्ये होती, मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. आम्ही तिची दोन वर्षं स्वेच्छा वर्गणी भरून विकत घेतली. त्याला वर्ग 3 म्हणतात आणि तेव्हा त्याचा दर आठवड्याला 15 पौंड होता. दीड हजार पौंडांच्या आसपास गेले. 2021 मध्ये तिची पेन्शन सुरू झाली, आठवड्याला 56 पौंड. भरलेले पैसे सात महिन्यांच्या आत वसूल झाले. संसारात मी जे काही शहाणपणाचे निर्णय घेतले त्यात हा वरचा, आणि तोही तिनेच सुचवलेला.

2025-26 मध्ये वर्ग 3 चा दर आठवड्याला 17.75 पौंड, म्हणजे वर्षाला साधारण 923. एका वर्षामुळे वार्षिक पेन्शन साधारण 342 पौंडांनी वाढते. तीन वर्षांच्या आत पैसे परत. सहसा मागच्या सहा वर्षांपर्यंतचे खड्डे भरता येतात. परदेशातून स्वस्तातला वर्ग 2 भरण्याची सोय एप्रिल 2026 पासून बंद, तेव्हा जे भरायचं ते तिथे असतानाच मार्गी लावा. भरण्याआधी पेन्शन विभागाला फोन करून विचारा की या वर्षाने माझी रक्कम खरंच वाढेल का. जुन्या कंपनीच्या पेन्शनमुळे काहींच्या हिशोबात वजावट असते आणि काही वर्षं भरून उपयोग होत नाही.

आज्यांसाठी खास: पेन्शनच्या वयाच्या आत असाल आणि सून-मुलगा कामावर जातात म्हणून बारा वर्षांखालच्या नातवंडाला सांभाळत असाल, तर त्या वर्षांचं एनआय क्रेडिट तुमच्या नावावर घेता येतं. त्यासाठी अर्ज करावा लागतो. आपल्या ओळखीतल्या किती जणींनी केला असेल?

आणखी एक. नवरा गेला तर त्याची नवी स्टेट पेन्शन साधारणपणे बायकोला मिळत नाही, ती ज्याची त्याची. त्यामुळे दोघांच्या रकमा एकत्र करून बजेट केलं असेल तर दोघांपैकी कुठलाही एक आकडा पुसून पुन्हा बघा.

कुठला पासपोर्ट घेऊन जायचा?

याचा निर्णय निघण्याआधी करा, नंतर दार बंद होतं.

भारतीय पासपोर्टवर कायम वास्तव्याचा परवाना घेऊन राहत असाल, तर ब्रिटनबाहेर सलग दोन वर्षांहून जास्त राहिल्यावर तो परवाना संपतो. मग परत जाऊन राहण्याचा मार्ग बिकट. ब्रिटिश नागरिकत्व घेतलंत तर कधीही परत जाता येतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) काढायचं. वय 65 किंवा जास्त असेल तर नागरिकत्वासाठी इंग्रजीची आणि 'लाइफ इन द यूके'ची परीक्षा माफ आहे.

ओसीआयवर भारतात आजन्म राहता येतं, पोलिसांत नोंदणी लागत नाही, फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वाडवडिलांची वारशाने आली तर गोष्ट वेगळी. निवृत्त झालो की गावाकडे दोन एकर घेईन, हे स्वप्न अर्ध्या हाउन्स्लोचं आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसऱ्या बाजूला, 70 वर्षांवरच्या भारतीय नागरिकांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण 2024 पासून मिळतंय. ओसीआयवाला नागरिक नसल्यामुळे त्यात बसत नाही. आम्ही ब्रिटिश पासपोर्ट निवडला. थिजलेली पेन्शन पुन्हा वितळवण्याची एकमेव किल्ली तीच आहे. त्याबद्दल शेवटी.

शेवटचे सहा महिने

पेन्शन सुरू झालेली असेल तर पत्ता बदलल्याचं इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला कळवा. भारतात आल्यावर सुरू होणार असेल तर पेन्शनच्या वयाच्या चार महिने आधीपासून त्यांच्याकडेच अर्ज करता येतो. तुमचं पेन्शनचं वय 66 की 67 हे जन्मतारखेवर ठरतं, कारण 2026 ते 2028 दरम्यान ते टप्प्याटप्प्याने 67 होतंय. पैसे दर 4 किंवा 13 आठवड्यांनी येतात. चारचा पर्याय घ्या, तेरा आठवडे फार लांब असतात. भारतात बसून पेन्शन पुढे ढकलली तर मिळणारी जादा रक्कमही जुन्याच दरावर मोजली जाते, त्यामुळे त्या मोहात पडण्याआधी आकडेमोड करा.

पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्या पेन्शनरांना मिळणारी भर), विंटर फ्युएल, अटेन्डन्स अलाउन्स या तिकडच्या सरकारी भत्त्यांतलं काहीही भारतात येत नाही. पेन्शन क्रेडिटवर घर चालत असेल, तर तो आकडा आत्ताच वजा करा.

ब्रिटनमधलं बँक खाते जमेल तोवर चालू ठेवा. काही बँका परदेशात गेलेल्यांची खाती बंद करतात, म्हणून आपल्या बँकेला आधी विचारून घ्या आणि दुसऱ्या ठिकाणी एक खाते उघडून ठेवा. तिकडचा मोबाइल नंबर सोडू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. माझ्या एका मित्राने नंबर सोडला आणि स्वतःचेच पैसे बघायला त्याला तिकीट काढून लंडनला जावं लागलं.

एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याला, पी85 फॉर्मने देश सोडल्याचं कळवा. डॉक्टरकडून आजारपणाच्या नोंदींची पूर्ण प्रत घ्या, डिस्चार्जची पत्रं आणि औषधांची मूळ नावं यांसकट. ब्रँडचं नाव इथल्या औषधवाल्याला कळेलच असं नाही. सामान कमीत कमी आणा. तिकडची विजेची यंत्रं इथल्या व्होल्टेजवर चालतात, फक्त पिना चौकोनी असल्याने प्रत्येक भिंतीवर ॲडॉप्टर लोंबकळत राहतो. आमच्या किटलीचा अजून लोंबकळतोय.

गाव निवडताना

आम्ही सातारा घेतलं, कारण हवा, कारण माझं बालपण, कारण पुण्यापेक्षा स्वस्त. या तिन्ही कारणांच्या वर चौथं ठेवा: हृदयविकाराचा झटका आला तर किती वेळात कॅथलॅबमध्ये पोचाल? मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आम्हाला पुणं गाठावं लागतं, एकशेदहा किलोमीटर, वाटेत खंबाटकी. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून परतणाऱ्या गाड्यांत अडकलेली ॲम्ब्युलन्स मी पाहिली आहे.

पहिलं वर्ष भाड्याने राहा, सगळे ऋतू बघा. पावसाळ्यात भिंती कशा ओल धरतात, एप्रिलमध्ये पाणी दिवसाआड येतं का, लिफ्ट बंद पडली तर जिने किती. तिसऱ्या मजल्यावरची लिफ्ट नसलेली स्वस्त सदनिका म्हणजे गुडघ्यांच्या नावावर काढलेलं कर्ज.

कागदपत्रं आणि कर

पॅन कार्ड लगेच काढा. परदेशी नागरिकांसाठीचा फॉर्म वेगळा असतो. आधार मात्र ओसीआयवाल्याला मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिल्यावरच मिळतं, त्यामुळे पहिले सहा महिने गॅसपासून सिमकार्डापर्यंत सगळीकडे "आधार नाही?" हे ऐकायची तयारी ठेवा. कायमचं राहायला आलात की जुनं एनआरआय खाते रहिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. बँकेने स्वतःहून विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. तिकडे असताना कमावलेला पैसा आणि तिकडचं खाते ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात मुभा आहे.

कर समजायला सोपा आहे, फक्त क्रम लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये 12,570 पौंडांपर्यंतचं वार्षिक उत्पन्न करमुक्त असतं आणि ब्रिटिश नागरिकाला परदेशात राहूनही ती सवलत मिळते. नुसत्या स्टेट पेन्शनवर तिकडे कर लागण्याची वेळ आपल्यावर येत नाही. सोबत कंपनीची छोटी पेन्शन असेल आणि दोन्ही मिळून मर्यादेपलीकडे जात असतील, तर 1993 च्या भारत-ब्रिटन करारानुसार अशा पेन्शनवरचा कर तुम्ही जिथले रहिवासी तिथे भरायचा. त्यासाठी भारतीय आयकर खात्याकडून रहिवासी असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि एचएमआरसीकडे दुहेरी कर टाळण्याचा अर्ज करायचा. सरकारी नोकरीच्या पेन्शनला त्या करारात वेगळं कलम आहे, तो भाग चार्टर्ड अकाउंटंटवर सोपवा.

भारतात पहिली दोन, कधी तीन वर्षं तुम्ही 'आरएनओआर' असता, म्हणजे रहिवासी, पण सामान्य रहिवासी नव्हे. या काळात परदेशातलं उत्पन्न इथे करपात्र नसतं, मात्र ते पहिल्यांदा परदेशातच जमा झालेलं असावं लागतं. म्हणून या वर्षांत पेन्शन ब्रिटनच्या खात्यात घ्या आणि मग इकडे पाठवा. थेट भारतातल्या खात्यात मागवली तर ही सवलत हातची जाते. त्यानंतर सगळं उत्पन्न इथे दाखवायचं. 2025-26 पासून नव्या कररचनेत रहिवाशाचं बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न प्रत्यक्षात करमुक्त आहे, आणि माझी पेन्शन साडेआठ लाखांच्याही आत बसते. कर शून्य, पण विवरणपत्र भरायचंच, आणि त्यात ब्रिटनचं खाते परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिहायचं. तेवढं विसरू नका. ते न लिहिल्याचा दंड काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाख रुपये आहे. वीस लाखांपर्यंतच्या बँक खात्यांसारख्या मालमत्तांना 2024 पासून त्यातून वगळलंय, पण त्या भरवशावर तक्ता कोरा सोडू नये.

हयातीचा दाखला

अधूनमधून पेन्शन विभागाकडून पोस्टाने एक फॉर्म येतो. तुम्ही जिवंत आहात हे साक्षीदाराच्या सहीने कळवायचं. डॉक्टर, वकील, बँकेतला अधिकारी अशा कुणाचीही सही चालते. फॉर्म 16 आठवड्यांत परत गेला नाही तर पेन्शन थांबते.

मला तो फॉर्म कधी मिळालाच नाही. पोस्टात कुठेतरी गहाळ झाला असावा. एका महिन्यात पैसे आले नाहीत, मी म्हटलं बँकेचा घोळ असेल. दुसऱ्या महिन्यात फोन लावला तेव्हा कळलं की कागदोपत्री माझ्या अस्तित्वाबद्दल शंका आहे. "मी स्वतःच बोलतोय," हे पलीकडच्या बाईंना पुरावा म्हणून पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचंही बरोबरच होतं. सगळं सुरळीत झालं, थकलेले पैसेही आले, पण तीन महिने ठेव मोडून खाल्ली. तेव्हा तीन-चार महिन्यांचा खर्च बचत खात्यात वेगळा ठेवा, पोस्टमनला दिवाळी द्या, आणि पत्त्यात पिनकोड व मोबाइल नंबर ठळक लिहा.

आजारपण

एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, ही ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची सोय आहे, पासपोर्टवाल्यांची नाही. कायमचे निघालात की नेहमीचे मोफत उपचार संपले. चार आठवडे मुलाकडे जाऊन गुडघा बदलून घ्यायचा बेत असेल तर बिल येईल, आणि तेही दीडपट दराने. आपत्कालीन विभागातली तपासणी मोफत असते, पण दाखल केलं की मीटर सुरू.

इथला आरोग्य विमा पहिल्या महिन्यातच घ्या. 65 नंतर विमा नाही ही जुनी अडचण 2024 च्या नियमांनी काढून टाकली आहे आणि जुन्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. ही तीन वर्षं पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जातात, म्हणून उशीर करू नका. साखर, रक्तदाब, जुना स्टेंट, सगळं अर्जात लिहा. एजंट म्हणेल, "काका, एवढं नको लिहायला." त्याला चहा पाजा आणि लिहाच. हप्ता जड वाटेल. तो झेपत नसेल तर तेवढीच रक्कम दर महिन्याला वेगळ्या ठेवीत टाका आणि तिला हात लावू नका. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र बघा. आमच्या दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथूनच येतात.

परत जायची वाट

ब्रिटनला कायमचं राहायला परत गेलात की पेन्शन त्या वेळच्या पूर्ण दरावर येते आणि एनएचएसही पुन्हा लागू होते. म्हणजे आमच्यासारख्यांना परतीचं तिकीट हाच खरा विमा. म्हणून दोघांचे ब्रिटिश पासपोर्ट मुदतीत ठेवा, आणि नवा पासपोर्ट आला की ओसीआयच्या संकेतस्थळावर त्याची प्रत आणि फोटो चढवावा लागतो का ते बघा. मुलाशी किंवा मुलीशी हे आत्ताच बोलून ठेवा: एक जण मागे राहिला तर तो कुणाकडे येईल, किती दिवस, खोली कुठली.

आम्ही हे बोलायला सहा वर्षं लावली. शेवटी मुलीनेच फोनवर विषय काढला. तिच्याकडे जिन्याखालची छोटी खोली आहे, सध्या तिथे सायकली ठेवतात. "रिकामी करायला एक शनिवार पुरेल," म्हणाली. बायकोने तिला लगेच विचारलं, त्या खोलीत खिडकी आहे का.